घर बघून कुत्रं

ढेकूळ कुत्रीच्या बरगडीवर बसलं तशी ती केकाटत मेंढरांच्या जाळीमागं पळाली, आणि तिची पिल्लं चारी वाटांना पांगली.

“आता बघा,” माझा नवरा म्हणाला, “कोन पळतंय आन् कोन ऱ्हातंय.”

कुत्रं पारखायची ही त्याची रीत होती. नवऱ्याचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता घेते. चांगदेव. अंगानं उभा-आडवा, गावच्या तालमीत दोन-तीन वर्षं माती खाल्लेला, आणि कुठलीही गोष्ट आधी मारून बघायची, मग विचारायची, असा स्वभाव. मोटार चालू झाली नाही तर मोटारीला लाथ, बैल अडला तर बैलाला आसूड. मग मी तरी कोण लागून गेले होते.

सांगोल्याकडं आमची डाळिंबाची बाग. घर गावात नाही, बागेतच. हाक मारली तर ऐकायला शेजारी नाही. गेल्या हंगामात पलीकडच्या वस्तीवर चोरांनी दिवसाढवळ्या दोन ओळी खुडून नेल्या होत्या, तेव्हापासून चांगदेवच्या डोक्यात कुत्रं शिरलं होतं. माघात बिराप्पा मेंढक्याची मेंढरं आमच्या रानात खतासाठी बसायला आली, आणि त्याची कारवानी जातीची कुत्री व्यालेली निघाली. चांगदेव, मी आणि माझ्या सासूबाई असे तिघंही पिल्लं बघायला गेलो. सासूला मी आत्या म्हणायचे, आमच्याकडं तशी पद्धत आहे.

बिराप्पा उकिडवा बसून तंबाखू मळत होता. आपल्या कुत्रीला ढेकूळ बसलेलं त्याला आवडलं नसावं, पण तो गोड बोलून माल खपवणारा माणूस होता.

“मालक, कुत्रं घ्यायचं तर आधी घर सांगावं लागतंय,” तो म्हणाला. “घरात मानसं किती, येणारं-जाणारं किती, भाकरी कुणाच्या हातची, कुत्र्याला पळायला रान हाय का दोरीवरच ऱ्हायचंय. उगं जावई बघितल्यागत नुसतं रूप बघून चालत न्हाई.”

“घर काय सांगायचं? मी हाय, ही हाय, म्हातारी हाय,” चांगदेव म्हणाला. “मला फाडणारं कुत्रं पायजे. बाकी चौकशा तुझ्या तुझ्याजवळ ठेव.”

एक काळं नरपिल्लू पळालं नव्हतं. जागेवर उभं राहून ते चांगदेवच्या वहाणेवर भुंकत होतं, भुंकता भुंकता मागं पडत होतं, पुन्हा उठून भुंकत होतं.

“हा बगा सुलतान,” बिराप्पानं तिथल्या तिथं बारसं केलं. “ह्यो तुमचा. लाखात एक.”

चांगदेव खूश झाला. त्यानं काळ्याला मानेला धरून उचललं. मी मात्र दुसरीकडं बघत होते, कारण आत्या दुसरीकडं बघत होत्या. जाळीच्या कडेला एक अगदी अशक्त पिल्लू पडलं होतं, बहुतेक आजारी असावं, त्याला पळताच आलं नव्हतं. आणि त्याच्यावर चारी पाय रोवून एक फिकी, वाळकी, लांब तोंडाची मादी उभी होती. ती भुंकत नव्हती, गुरगुरतही नव्हती. चांगदेवच्या हातातल्या दुसऱ्या ढेकळाकडं ती टक लावून बघत होती.

“ही मला दे,” आत्या म्हणाल्या.

बिराप्पा हसला. “आक्का, ती मुकी हाय म्हना की. चोर आला तर भुंकायची न्हाई. मादी आन् मादीचा ताप. त्यापरीस दुसरा नर देतो.”

“हीच दे.”

“आये, तुला कशाला कुत्रं?” चांगदेव म्हणाला. “तुझं काय चोरून न्हेणारंय कोन?”

आत्यांनी मादी उचलली, पदराखाली घेतली आणि मला म्हणाल्या, “छबे, चल. ऊन झालं. तुला उलट्या व्हतील.”

मला दिवस गेले होते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. का नव्हतं, तेही सांगते. आदल्या वर्षी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं लाथ मारली होती, ती पोटावर बसली आणि माझं पहिलं पोर गेलं. त्या दिवशी आत्या पडवीत गहू निवडत बसल्या होत्या. मी कोसळले तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं, मला आत नेलं, कपडे बदलले, आणि परत जाऊन उरलेले गहू निवडले. एक शब्द लेकाला बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी त्यांना माणसात धरत नव्हते. दगड म्हणायचे मनात. माहेरी आई नव्हती, भावाच्या घरात मला जागा नव्हती. म्हणून ह्या वेळी मी पोट शक्य तितके दिवस झाकायचं ठरवलं होतं, आणि ते ह्या दगडाला आधीच कळलं होतं.

घरी आल्यावर चांगदेवनं सुलतानची व्यवस्था लावली. कुत्रं तिखट करायचं शास्त्र त्यानं कुठून तरी ऐकून ठेवलं होतं. दिवसभर मोटारीच्या अंधाऱ्या खोलीत कोंडायचं, भाकरीत लाल तिखट कालवून घालायचं, आणि रोज ठिबकच्या काळ्या नळीच्या तुकड्यानं झोडपायचं. मार खाल्ला की कुत्र्याला जगाचा राग येतो, असं त्याचं म्हणणं. आपल्यालाही बापानं असंच झोडपलं, म्हणून तर आपण असे निघालो, हे तो छाती पुढं काढून सांगायचा. ते खरंच होतं.

मादीचं नाव आत्यांनी ठकी ठेवलं. बाहुलीचं नाव. चांगदेव पोट धरून हसला.

“कुत्र्याला आपलं करायचं आसंल तर पहिला घास आपल्या घामाचा द्यावा लागतोय,” आत्या म्हणाल्या. “भाकरीचा तुकडा काखंत धरून काम करायचं. घामानं भिजला की चारायचा. त्यो वास जल्मभर जात न्हाई. चांग्या, सुलतानाला दे तुझा घास.”

“असले बायकी चाळे मी करत न्हाई,” तो म्हणाला. “कुत्रं मारानं वळखतंय धनी. हिला दे, हिला लय घाम येतोय काम न करता.”

“बरं. मग छबे, तू दे.”

“कुत्री तुमची ना, आत्या?”

“मी म्हातारी. माझ्या अंगात घाम कुठला?”

असल्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. मी भाकरीचा तुकडा काखेत धरून भांडी घासली, धुणं धुतलं, आणि किळस येत येत ठकीपुढं धरला. तिनं तो आधी पुष्कळ वेळ हुंगला. मग तो खाऊन माझी बोटंही चाटूनपुसून काढली. त्यानंतर ती माझ्या पायातून हलली नाही. मी विहिरीवर गेले की विहिरीवर, चुलीपाशी बसले की चुलीपाशी. निजताना माझ्या उंबऱ्याला आडवी पडायची. दुसऱ्या कुणी भाकरी टाकली तर तोंड लावायची नाही. आत्यांची सक्त ताकीद होती, तिला माझ्याच हातून खायला मिळालं पाहिजे. त्या स्वतः भाकरी करायच्या, पण तुकडा माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, “घाल तिला.”

ठकी गुडघ्याएवढी झाली तेव्हा आत्यांनी एक नवं खूळ काढलं. चांगदेव बाहेर गेला की दुपारी मला अंगणात उभं करायच्या आणि हातातली काठी माझ्यावर उगारायच्या.

पहिल्या दिवशी मी खरंच घाबरले. म्हटलं, आता म्हातारीच्याही अंगात आलं. काठी वर गेली आणि ठकीनं झेप घेऊन ती काठी दातात पकडली.

“आता म्हन, पुरे.”

“पुरे,” मी म्हणाले. ठकीनं काठी लगेच सोडली नाही. दोनदा-तीनदा म्हटल्यावर सोडली.

“गूळ दे तिला.”

असं रोज. काही दिवसांनी आत्यांनी काठीऐवजी हाताला गोणपाट गुंडाळून नुसता हात उगारायला सुरुवात केली. ठकी मनगट धरायची. पुढं पुढं तर त्या पाय उचलायच्या. म्हातारं माणूस, एका पायावर तोल सांभाळत, लुगडं खोचून, सुनेला लाथ मारल्याचं सोंग करतंय, हे कुणी पाहिलं असतं तर आम्हा दोघींना वेड्यात काढलं असतं. मला हसू फुटायचं. आत्या हसायच्या नाहीत.

“हे कशाला, आत्या?”

“चोर आला म्हंजी काय तो हात जोडून येतोय?”

“चोर मला लाथ कशाला मारील?”

“पुरे म्हन,” त्या म्हणायच्या. “आन् ‘पुरे’ तू म्हटल्याबगर तिनं सोडायचं न्हाई. मी म्हटलं तरी न्हाई.”

पोट दिसायला लागल्यावर चांगदेवला कळलंच. तो दोन दिवस खूश होता, पेढेही आणले. पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं म्हणून सरळ होत नाही. नळी त्याच्या हातात असायचीच. ओरडणं, केस धरणं, पाठीत बुक्की, हे चालू राहिलं. फक्त हे सगळं घरात, दार लावून व्हायचं आणि ठकी दाराबाहेर लाकडावर नखं ओरबाडत राहायची. मी पाठ करायचे, पोट भिंतीकडं. भिंतीला तेवढ्या जागी माझ्या लुगड्याचा रंग लागला होता. रोज देवापुढं मी एकच मागायचे, हे तरी राहू दे. मला काय व्हायचं ते होवो.

आषाढात फळ रंगावर आलं. त्या दिवशी चांगदेव सकाळीच बाजाराला गेला आणि जेवणवेळेला परत आला तो झिंगून. येताना बागेच्या खालच्या अंगानं आला. तिथल्या झाडांची फळं कुणीतरी ओरबाडून नेली होती. फांद्या मोडल्या होत्या, खाली फुटक्या डाळिंबांचा चिखल. त्याचं ओरडणं घरापर्यंत ऐकू आलं.

तो आधी मोटारीच्या खोलीकडं गेला. सुलतानला साखळीनं ओढत अंगणात आणलं. सुलतान आता चांगला दांडगा झाला होता, कधी बाहेर काढला की आल्यागेल्यावर तुटून पडायचा, पोस्टमननं त्याच्या भीतीनं आमच्याकडं यायचं सोडलं होतं. पण धन्याच्या हातात नळी दिसली की त्या एवढ्या मोठ्या जनावराचे पाय गळायचे. तो पोटावर सपाट पडला आणि जागीच मुतला.

“भुंकला का न्हाईस? भुंकला का न्हाईस, भाड्या?”

कोंडलेलं कुत्रं भुंकणार कुणावर? पण हे त्याला कोण सांगणार. नळी सुईंऽ सुईंऽ करत पडत होती. सुलतानच्या पाठीवरची कातडी फाटली, एक डोळा रक्तानं भरला. तो साधा पळायचाही प्रयत्न करत नव्हता. मला ते बघवलं नाही.

“अवो, मरंल की ते,” मी म्हणाले.

बस. एवढंच म्हणाले.

तो वळला. “आन् तू कुठं हुतीस? चोर झाडं उपटून न्हेत हुता तवा तू काय भाकरी चावत हुतीस?”

माझ्या हातात पाण्याची कळशी होती. पहिली नळी दंडावर बसली, कळशी पडली. दुसरी मानेवर. मी सवयीनं पाठ केली, पण अंगणात भिंत नव्हती. पोट झाकून मी गुडघ्यावर बसले. त्यानं माझे केस धरून मला उताणी केली आणि पाय मागं घेतला. तोच पाय, तीच वहाण. मी ती आदल्या वर्षी बघितली होती.

ठकी भुंकली नाही. ती कुठून आली तेही मला दिसलं नाही, माझ्या अंगावरून काहीतरी फिकं गेलं एवढंच कळलं. चांगदेव पाठीवर आपटला. त्यानं तोंडापुढं हात आडवा धरला आणि ठकीनं तो हात मनगटाच्या वर धरला. धरला आणि झटकला. ओलं फडकं फाटल्यासारखा आवाज झाला. तो डाव्या हातानं तिच्या डोक्यात बुक्क्या मारत होता, ती डोळे मिटून घेत होती आणि जबडा आणखी आवळत होती. तिच्या तोंडातून, त्याच्या सदऱ्यावरून, रक्त जमिनीत मुरत होतं.

“बोलव तिला,” तो ओरडला. “छबे, बोलव. सोडायला सांग.”

मी तोंड उघडलं.

“तोंड मिट,” आत्या म्हणाल्या.

त्या पडवीच्या पायरीवर उभ्या होत्या. हातात सूप होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि सावकाश अंगणात आल्या. चांगदेव कसाबसा कुशीवर वळला होता. दारापाशी कोयता पडलेला असायचा, त्याच्याकडं त्याचा डावा हात सरकत होता. बोटं मुठीला लागणार, तोच आत्यांनी कोयत्याच्या पात्यावर पाय ठेवला. अनवाणी पाय.

“आये, हात गेला माझा.”

“जाऊ दे. त्यो हात मला ठावा हाय.”

“आये, मी तुझा ल्योक हाय.”

“हायेस की. तुझ्या आधीची दोन पन माझीच हुती. तुझ्या बापाचा पाय अस्साच उठायचा. तू जगलास, कारन त्या वर्साला त्यो फडावर ऊस तोडाय गेला हुता.” हे त्या भाव विचारावा तशा आवाजात बोलत होत्या. “मला वाटलं, तू येगळा निघशील. गेल्या साली कळलं, न्हाई.”

चांगदेव रडायला लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

“हिच्यावर परत हात टाकशील?”

“न्हाई.”

“पाय?”

“न्हाई, आये. न्हाई.”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. “आता तुझं तू बघ, छबे. म्हनायचं तवा म्हन.”

मी आधी उठून बसले. पोटावर हात ठेवला. आत पोरानं ढुशी दिली. मग म्हणाले, “पुरे.”

ठकीनं त्याच क्षणी हात सोडला. माझ्याजवळ येऊन बसली, लाल झालेलं तोंड माझ्या मांडीवर ठेवलं आणि गूळ मागायला लागली.

चांगदेव हात छातीशी धरून उठला. दारू पार उतरली होती. “हिला मी जित्ती ठेवत न्हाई,” तो पुटपुटला.

“मार की,” आत्या म्हणाल्या. “बिराप्पाची कुत्री दरसाल वितीय. मी दुसरी आनीन.”

आत्यांनी आपलं जुनं लुगडं फाडून त्याचा हात बांधला, घट्ट, नीट, आईनं बांधावा तसाच. बांधता बांधता म्हणाल्या, “तू चोर बघून कुत्रं निवडलंस, चांग्या. मी घर बघून निवडलं.”

पलीकडच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर बोलावून त्याला दवाखान्यात नेलं. टाके पडले, सुया टोचल्या. उजव्या हाताची दोन बोटं पुढं कधी मिटली नाहीत. गावात त्यानं चोराशी झटापट झाली म्हणून सांगितलं. आम्ही दोघींनी ते खोडून काढलं नाही. चोरांनीही काढलं नाही.

तो काही साधू झाला नाही. तोंड चालूच राहिलं, ते आजही चालतं. पण हात उठला नाही. ठकी होती तोवर ठकीच्या भीतीनं, आणि ती गेल्यावर सवय मोडली होती म्हणून. सुलतानला आत्यांनी साखळीतून सोडवलं. तो त्यांच्या बाजेखाली राहायला गेला आणि मरेपर्यंत भांडं वाजलं तरी दचकत राहिला.

मला मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठकी आडवी पडलेली असायची. चांगदेव लेकीला बघायला आला की ठकी फक्त मान वर करायची. मग तो उंबऱ्याबाहेर बसायचा आणि तिथूनच पोरीशी बोलायचा. बोलायचा मात्र गोड.

एका सकाळी आत्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. पोर पाजून झाली होती, ऊन आत आलं होतं. किती दिवस मनात होतं ते मी विचारलं.

“आत्या, तुमच्या वेळी तुम्ही का नाही आणलंत कुत्रं?”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

“सासू पडवीत बसायची माझी,” त्या म्हणाल्या. “गहू निवडत.”

मग भाकरी फुगली. त्यांनी तिचा कोर मोडला, फुंकर मारून निववला, आणि उंबऱ्यावरच्या ठकीपुढं न टाकता माझ्या हातात दिला.

“घाल तिला,” त्या म्हणाल्या.